एक्सपल्सला रोड टायर घालू का? रोजचे चाळीस किलोमीटर विरुद्ध घराकडचा पाऊण किलोमीटर

भाट्याचा पूल
मंडळी, घरातला वाद या मंचावर आणतोय. गाडी हिरो एक्सपल्स २००, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीही बनवलेली मोटरसायकल. घर रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या अलीकडे, काम मिरजोळे एमआयडीसीत, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. मागचा टायर संपलाय. मधला पट्टा पाटासारखा सपाट, त्यामुळे गाडी वळणात आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. कडेची बटनं, म्हणजे रबराचे उंच ठोकळे, मात्र नव्यासारखी. गेल्या साडेतीन वर्षांत मी कच्च्यात किती गेलो त्याचा हिशोब टायरनेच मांडलाय.

आता मागे साधा रोड टायर घालावा म्हणतो. माप १२०/८०-१८ (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), म्हणजे रॉयल एनफिल्डच्या नव्या क्लासिक ३५० च्या मागच्या चाकाचंच, त्यामुळे शोधाशोध नाही. धाकटा भाऊ म्हणतो, "मग स्प्लेंडरच घ्यायची होतीस." माझं म्हणणं, मला गाडीचा उंच हँडल आणि लांब सस्पेंशन हवं आहे, खड्ड्यांसाठी. बटनं कुणाला हवीयत? गेल्या श्रावणात पुलाच्या अलीकडे झेब्रा पट्ट्यांवर मागचं चाक असं सरकलं की हेल्मेटच्या आत देवाचं नाव निघालं.

चिरेखाण
घरापर्यंत डांबर आहे का? ते आधी सांग.

भाट्याचा पूल
नाही. शेवटचा पाऊण किलोमीटर दोन दगडी गडग्यांमधून जांभ्याची वाट. मध्ये एक उतार.

चिरेखाण
मग विषय संपला. रोड टायर घालू नकोस.

आमचा धंदा चिऱ्याचा, लाल माती रोज अंगावर असते म्हणून सांगतो. पावसात जांभ्याची माती लोण्यासारखी होते. रोड टायरच्या बारीक खाचा पहिल्या दहा फुटांत भरतात आणि मग तुझ्या चाकावर टायर नसतो, मातीचा गुळगुळीत रूळ असतो. बटनांच्या मधली जागा मोठी, चाक फिरलं की चिखल फेकला जातो. चाळीस किलोमीटर डांबरावर कुठलाही टायर चालतो. माणूस पडतो तो त्या पाऊण किलोमीटरात, आणि तिथे उचलायलाही कुणी नसतं. टायर सगळ्यात वाईट रस्ता बघून घ्यायचा.

अर्धा क्लच
चिरेखाणभाऊंशी सपशेल असहमत. उतारावर पडलात तर वेग दहा. गुडघा सोलतो, आरसा फुटतो, आई ओरडते. पन्नासच्या वेगात समोर म्हैस आली आणि चाक सरकलं तर काय होतं ते सिव्हिलमध्ये जाऊन बघा. "माणूस कुठे पडतो" हा प्रश्नच चुकीचा. किती जोरात पडतो ते विचारा.

आता टायरचं बोलू. कडक रस्त्यावर पकड येते ती रस्त्याला टेकलेल्या रबराने. बटन टायरमध्ये निम्मी जागा मोकळीच, म्हणजे टेकलेलं रबर कमी. जे टेकतं तेही उंच ठोकळ्यांचं. ब्रेक दाबला की ठोकळे मुरडतात, वळणात तर जास्तच. नव्या काँक्रीटवर लांबीच्या रेघा असतील तर पुढचं चाक त्या रेघा पकडून इकडेतिकडे डोलतं, हे आपल्या महामार्गावर कुणीही अनुभवावं.

लोकांचा समज असा की खोल खाचा म्हणजे पावसात सुरक्षित. पाण्यावर तरंगायची भीती चारचाकीच्या रुंद टायरला लवकर येते. दुचाकीचा टायर गोल आणि अरुंद, पन्नास-साठला तो पाणी कापूनच जातो. तिथे कामी येतं मऊ रबर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे जून ते सप्टेंबर तुम्ही ओल्या डांबरावर राहता. पाऊण किलोमीटरसाठी चाळीस किलोमीटर धोका का घ्यायचा?

हातखंबा तिठा
अर्धा क्लच, तुमचं डांबर कुठल्या गावात आहे? पत्ता द्या, राहायला येतो.

इथे महामार्गाचं काम सुरू झाल्यापासून डांबर, काँक्रीट, खडी, डायव्हर्जन, परत खडी असा फराळ आहे. डंपरच्या चाकांना लागलेली लाल माती अर्धा किलोमीटर चांगल्या रस्त्यावर पसरते आणि पहिल्या सरीला तिचा राप, म्हणजे निसरडा थर, बनतो. तुमच्या मऊ रबराला तो राप दिसत नाही. कोकणात "पक्का रस्ता" ही हंगामी गोष्ट आहे, कोकमासारखी.

अर्धा क्लच
हे खरं. पण डांबरावरच्या पातळ रापात बटनंही रुतत नाहीत, खाली कडक आहे. तिथे दोन्ही टायर सारखेच घसरतात, फक्त बटनवाला माणूस जास्त विश्वासाने घसरतो.

गिअर पाचवा
एवढी चर्चा कशाला? दोन्ही चाकांना सतरा इंची रिम टाका, पुढे ११०/७०, मागे १४०/७०. सुपरमोटो, म्हणजे उंच गाडीला रस्त्याची चाकं! दिसतेही भारी.

अर्धा क्लच
गिअर पाचवा, जरा वही काढा. मूळचा पुढचा टायर ९०/९०-२१, त्याचा व्यास साधारण ६९५ मिमी. तुमचा ११०/७०-१७ भरतो ५८६. म्हणजे गाडी पुढून साडेपाच सेंटिमीटर खाली. मागे १२०/८०-१८ च्या जागी १४०/७०-१७ घातला तर तिथे फक्त सेंटिमीटरभर. गाडी नाकावर बसली, हँडल चपळ पण चंचल झालं, आणि जमिनीपासूनच्या २२० मिमीच्या ज्या क्लिअरन्ससाठी ही गाडी घेतली तोच गेला. वेग पुढच्या चाकावरून मोजला जात असेल तर खऱ्या ५० ला काटा ५९ दाखवणार. किलोमीटरही तसेच फुगणार, सर्व्हिसिंग लवकर येणार.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच मापाचा वेगळ्या नक्षीचा टायर ही एक गोष्ट, रिमच बदलणं दुसरी. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला "दिसतेही भारी" सांगून बघा.

गिअर पाचवा
ठीक आहे सर, रिम परत ठेवली.

कुडाळचो बाबलो
मी काय म्हणतंय, टायर खयचोय घाला, पन उतारार ब्रेक मारू नकात! माझो झील (मुलगो) दर पावसात थयच पडता आणि दर वर्षी टायराक शिव्या घालता.

दाभोळ ते धोपावे
दादा, मी शिक्षिका आहे, दाभोळची फेरीबोट रोजची. गाडी रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन, ४११ वाली. बोटीच्या जेट्टीच्या उतारावर भरती ओसरली की हिरवं शेवाळ असतं. तिथे मी दोन्ही तऱ्हेचे टायर वापरून पाहिलेत. कुठलाही चालत नाही. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, दोन्ही पाय खाली सोडून उतरायचं.

पण तुम्ही सगळे नक्षीवर भांडताय आणि चाकाच्या आत कुणी बघत नाही. आपल्याकडे खारं वारं. स्पोक गंजतात, त्यांची निपलं (स्पोक रिमला कसणारे छोटे नट) गंजतात, रिमच्या आतली रबरी पट्टी कुजते आणि निपलाचं टोक आतून ट्यूबला टोचतं. मला एका पावसाळ्यात तीन पंक्चर झाले, बाहेर खिळा एकदाही सापडला नाही. चौथ्या वेळी पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब रिमवर ठेवून भोक नेमकं स्पोकसमोर आहे हे दाखवलं. पट्टी बदलली, मग शांत. आपल्या साध्या स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस टायर आणलात तरी ट्यूब घालावीच लागते, आणि ट्यूब फाटली की हवा एका दमात जाते. म्हणून टायर निघेल तेव्हा रिम घासून घ्या आणि नवीन पट्टी टाका. तो खर्च टायरच्या मानाने काहीच नाही.

बाकी मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांच्या चुका (बारीक खिळे) रस्त्यावर पडलेल्या असतात. त्या रोड आणि बटन असा भेद करत नाहीत.

माझं मत विचाराल तर मधला मार्ग: डांबराकडे झुकलेला दुहेरी टायर. मधे रबर सलग, कडेला थोडे ठोकळे.

चिरेखाण
मधला मार्ग म्हणजे दोन्हीकडे अर्धवट. तरी बाईंचं पट्टीचं म्हणणं लिहून ठेव.

हातखंबा तिठा
पुढचं एकवीस इंची चाक बदलू नकोस, हे तरी सगळ्यांना मान्य व्हावं. पुढचं घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही, मागचं घसरलं तर शेपूट हलवून परत येतं. चिखलात दिशा पुढचं चाक देतं.

अर्धा क्लच
चिखलात हो. पण ब्रेकचं सगळ्यात जास्त काम पुढचं चाक करतं, आणि तेच तुम्ही बटनांवर ठेवताय. मी तर पुढचाच आधी बदलेन. एकवीस इंचात मिळतात डांबराकडे झुकलेले, महाग आहेत एवढंच.

हातखंबा तिठा
तुम्ही बदला. आम्ही बघायला येतो, जुलैत.

भाट्याचा पूल
सगळ्यांचं वाचलं. काल संध्याकाळी मुद्दाम ती वाट चालत गेलो. पाऊण किलोमीटरात खरी अडचण तीस-पस्तीस पावलांची आहे, उताराच्या मध्यावर, जिथे वरच्या परसातलं पाणी आडवं वाहतं. शेजारच्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "अरे, दोन गाड्या चिरे टाकून पाणी गटारात काढू, किती वर्षं सांगतोय तुझ्या बापसाला."

तर चिरेखाण, तुम्ही म्हणता ते खरं, वाट वाईट आहे. पण ती माझीच वाट आहे, आणि मला चाळीस किलोमीटरचं डांबर सुधारता येत नाही. मागे रोड टायर घालतोय. पुढचा या पावसाळ्यात आहे तोच, अर्धा क्लच यांची माफी मागून. रिमची पट्टी नवीन. भाऊ अजून स्प्लेंडरच म्हणतोय.

चिरेखाण
टायर घेताना बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे बघ. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. आपल्या भागात दुकानात पडून राहिलेला माल गळ्यात मारतात. पहिले दीडशे किलोमीटर वाकवू नकोस, नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो.

आणि चिरे किती लागतील ते सांग. फुटके आहेत, वाहतुकीचे तेवढे दे.