मदत हवी आहे: मेंदूची धडधड दाखवणारा एमआरआय, सांगली-मिरज भागात कुठे?

नमस्कार मंडळी, तासगावहून लिहितोय. ताईचं (वय 34) वर्षभर डोकं दुखतंय पण दुखायची तऱ्हा वेगळी, ठसका लागला, शिंक आली किंवा द्राक्षबागेत वाकून उठली की मानेच्या वर मागच्या बाजूला अशी कळ जाते की हाताने तिथंच दाबून मटकन खाली बसते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत परत काही नाही. आधी चष्मा, मग पित्त, मग मणके असं करत वर्ष गेलं. शेवटी मिरजेत एमआरआय केला तर कियारी टाईप 1 निघालं, म्हणजे लहान मेंदूची खालची टोकं कवटीच्या तळाच्या भोकातून 8 मिमी खाली उतरलीत (5 च्या पुढं असलं की कियारी धरतात).

सर्जन म्हणाले नुसत्या मिमीवर ऑपरेशन ठरवत नाही, सिने एमआरआय (ठोक्याबरोबर आतली हालचाल चित्रासारखी दाखवणारा) करून या. त्यांनी छान समजावलं, की तान्ह्या बाळाची टाळू उडते ना, तसाच आपला मेंदू आयुष्यभर प्रत्येक ठोक्याला हलतो, फक्त कवटी बंद झाल्यावर दिसत नाही. ठोक्याला रक्त आत येतं, कवटी काय फुगत नाही, मग मेंदूभोवतीचं पाणी खाली मणक्याकडं सरकतं आणि ठोका संपला की वर येतं. ताईच्या त्या भोकात बूच बसल्यासारखं झालंय.

तर आम्ही सिने केला, आणि वाया गेला. ठोका पकडायला बोटाला क्लिप लावतात, आतल्या एसीत ताईचे हात बर्फागत गार पडले, स्क्रीनवरची नाडीची रेघ सारखी तुटत होती, तरी तसंच रेटलं आणि शेवटी 'गेटिंग (म्हणजे ठोक्याशी स्कॅनची जुळणी) नीट नाही, पुन्हा करावे'. आता ती परत त्या बोगद्यात जायला तयार नाही हो, रडते. सातारा, कोल्हापूर कुठंही नेतो, पण यावेळी आधी काय विचारून जाऊ? आणि मेंदूची हालचाल मोठी करून दाखवणारा नवीन एमआरआय वाचनात आला, तो इकडं होतो का?

प्रतिसाद (सातारा, एमआरआय टेक्निशियन):
दादा, फोनवरच विचारा, "छातीला ईसीजी लीड लावून सीएसएफ फ्लो करता का?" (सीएसएफ म्हणजे मेंदूभोवतीचं ते पाणी, फ्लो म्हणजे तुमचा सिनेच.) बोटाचीच क्लिप असली तर हात ब्लँकेटमध्ये गरम करून घ्या आणि रेघ सरळ आल्याशिवाय स्कॅन सुरू करू नका असं स्पष्ट सांगा. एका ठोक्यात चित्र पुरं होत नाही, शेकडो ठोक्यांचे तुकडे जुळवून एका ठोक्याचा पिक्चर बनतो, म्हणून रेघ तुटली की सगळं धुरकट. फक्त हाच भाग करायचा असेल तर पंधरा-वीस मिनिटांत होतो, इंजेक्शन लागत नाही, पूर्ण ब्रेन परत करू नका. आधीची सीडी न्या.

तुम्ही वाचलंय ते अ‍ॅम्प्लिफाइड एमआरआय, 2016 ला आलं. मेंदू हलतो जेमतेम अर्धा मिमी, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी, ते सॉफ्टवेअरने वाढवून दाखवतात. ते अजून संशोधनातच आहे, त्याच्यामागं धावू नका. सर्जनना हवंय ते साध्या फ्लोमध्ये मिळतं, पाणी मागून-पुढून जातंय का आणि ती टोकं पिस्टनसारखी खाली दणकतात का.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार. ताईला वाचून दाखवलं, 'पंधरा-वीस मिनिटांत होतो' हे ऐकून म्हणाली बघू. हातापायांना मुंग्या आल्या तर थांबू नका असंही सर्जन म्हणालेत, म्हणून याच आठवड्यात नेतोय. कोल्हापुरात ईसीजी लीडवर कोण करतं माहीत असेल तर मेसेज करा.