मदत हवी आहे: शिक्षकावर गुन्हा दाखल झाला, पण आधी गप्प बसलेल्या शाळेचं काय?

मंडळी, गाव किंवा शाळेचं नाव कृपया विचारू नका. पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम २३ मध्ये शाळेवरूनही मुलीची ओळख उघड होऊ नये अशी तरतूद आहे.

माझी भाची सहावीत आहे. शाळेतल्या कंत्राटी क्रीडाशिक्षकाविरुद्ध ताईने पोलिसांत तक्रार दिली, एफआयआर झाला. जबाब घ्यायला महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी आल्या, नीट वागल्या. पोलिसांबद्दल काही म्हणणं नाही. प्रश्न शाळेचा आहे.

गुन्हा दाखल झाल्यावर एका पालकांचा ताईला फोन आला. त्यांच्या मुलीनेही याच माणसाबद्दल सांगितलं होतं आणि त्यांनी ते मागच्या सत्रात मुख्याध्यापिकांच्या कानावर घातलं होतं. "आम्ही चौकशी करतो, बाहेर बोलू नका, मुलीचीच बदनामी होईल," हे उत्तर. मग त्या माणसाचा वर्ग बदलला, त्याला सहावीवर टाकलं. म्हणजे आमच्याच मुलीच्या वर्गावर! हे कळल्यापासून ताईची झोप उडाली आहे.

आता संस्थाचालक म्हणतात, तो आमचा कर्मचारीच नव्हे, एजन्सीचा माणूस. वर 'शाळेने पूर्ण सहकार्य केले' अशा कागदावर ताईची सही मागताहेत. ती अर्थातच दिलेली नाही.

कलम २१(२) प्रमाणे संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, एवढं वाचलंय. एजन्सीच्या माणसाला हे लागू होतं का? त्या पालकांनी लेखी काही दिलं नव्हतं, फक्त मुख्याध्यापिकांशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहेत. आणि शाळेकडून भरपाई मागता येते का? "शाळा बदला" हा सल्ला कृपया नको, तो नातेवाइकांनी भरपूर दिलाय.

प्रतिसाद (सत्र न्यायालयात वकिली करतो):

एजन्सीचा बचाव ते घेणारच. पण कलमात नियंत्रणाखालची व्यक्ती म्हटलंय. पगार कोण देतो यावर सगळं ठरत नाही. कुठल्या वर्गावर जायचं हे शाळा ठरवत होती ना? मग जुनं आणि बदललेलं वेळापत्रक हाच तुमचा मोठा पुरावा. शिवाय कलम २१(१) माहिती असून गप्प बसणाऱ्या कोणालाही लागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृह प्रकरणात डॉक्टरवरचा असाच गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला. बदलापूर प्रकरणातही २०२४ मध्ये मुख्याध्यापिका आणि विश्वस्तांवर गुन्हा झाला.

तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: दोन्ही वेळापत्रकं, एजन्सीचा करार, त्या माणसाची पोलीस पडताळणी आणि सीसीटीव्ही जप्त करा. सीसीटीव्हीची घाई करा, जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या. इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. तक्रार तोंडी होती म्हणून शाळा सुटत नाही, कळवण्याची जबाबदारी माहिती मिळाल्यापासूनच सुरू होते.

कलम २१ ची शिक्षा एक वर्षापर्यंतचीच, त्यामुळे न्यायालयाने गुन्ह्याची दखल वर्षाच्या आतच घ्यायला हवी, हा मुदतीचा मुद्दा बचाव पक्ष काढेल. थांबू नका. भरपाईचं म्हणाल तर विशेष न्यायालय अंतरिम रक्कम देऊ शकतं, पण ती सरकारकडून मिळते. शाळेकडून हवी तर वेगळा दिवाणी दावा, आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

धागाकर्ती:

सीसीटीव्ही डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज आजच देते. अडचण अशी की ते पालक जबाब द्यायला कचरताहेत. आपणही पोलिसांना कळवलं नव्हतं, आपल्यावरच येईल का, असं म्हणतात.

प्रतिसाद (तेच वकील):

भीती अगदीच निराधार नाही, कळवण्याची जबाबदारी त्यांच्यावरही होती. पण त्यांनी आपल्या मुलीसाठी स्वतःहून फिर्याद दिली तर बाजू भक्कम राहते, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कलम १९(७) चं संरक्षण आहे. तरी आधी त्यांनी स्वतःचा वकील गाठावा, तुमचा नको. अर्जाची पोच घ्या. ठाण्यात घेतला नाही तर रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, शहर असेल तर उपायुक्तांना पाठवा, आणि प्रत बाल कल्याण समितीला.