कॉलेजच्या वेबसाइटवर दिव्यांगांसाठीचं बटण बसवलं की काम झालं का?

नोटीसबोर्डवाला, नाशिक
नमस्कार मंडळी. इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक आहे. कॉम्प्युटर बऱ्यापैकी येतो हे एकदा कळलं आणि वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. परिपत्रकं, वेळापत्रकं, फीच्या तारखा, सगळं मीच चढवतो.

सध्या नॅकची, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी चालू आहे. दिव्यांगांना वेबसाइट वापरता येते का, हा मुद्दा त्यात आहे. एका कंपनीने कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र असलेलं निळं बटण बसवून देण्याचं कोटेशन दिलंय. दाबलं की अक्षर मोठं होतं, रंग बदलतात, पान वाचून दाखवतं. दरवर्षी भाडं. प्राचार्यांना पटलंय.

मला शंका अशी की आमच्याकडे एस.वाय.ला एक अंध मुलगी आहे. ती आजही प्रत्येक नोटीस मैत्रिणीकडून वाचून घेते. या बटणाने तिचं भागेल का? आणि मला कोडिंग येत नाही, तरी माझ्या हातात काही आहे का?

वेब_सिडको
बटण वरवरचं आहे, आतला कोड तसाच राहतो. सरकारी वेबसाइटसाठीची जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये आली, ती डब्ल्यूसीएजी २.१ या वेबसाइट दिव्यांगांना वापरता येण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या डबल-ए (मधल्या) पातळीवर बेतलेली आहेत. पुढच्या वेळी वेबसाइटचं काम द्याल तेव्हा वर्क ऑर्डरमध्ये जीआयजीडब्ल्यू ३.० हे नाव घाला आणि तपासणी झाल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.

कानाने_वाचणारी, पंचवटी
दादा, मी जन्मापासून अंध. बँकेत नोकरी करते. बी.ए., एम.ए. दोन्ही दूरशिक्षणाने. दूरशिक्षणवाल्याला चौकशीची खिडकी नसते, जे काय असेल ते वेबसाइटवर. त्यामुळे विद्यापीठांच्या वेबसाइट हा माझा जिव्हाळ्याचा, म्हणजे चिडायचा, विषय आहे. थोडं लांबेल.

आधी बटण. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे असतंच, नाहीतर आम्ही तुमच्या वेबसाइटपर्यंत पोचलोच नसतो. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, ते फुकट आहे आणि मराठी वाचतं. मोबाइलवर टॉकबॅक. त्यात तुमचं बटण बोलायला लागलं की दोन आवाज एकमेकांवर. मी आधी ते बंद करायचं कुठून हे शोधते. अंधुक दिसणाऱ्यांना अक्षर मोठं लागतं हे खरं, पण ते ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबूनही होतं. त्याला भाडं कशाला?

खरी अडचण तुमच्या टेबलावर आहे. नोटीस वर्डमध्ये टाइप होते. मग प्रिंट, साहेबांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. मग स्कॅन, आणि तो स्कॅन वेबसाइटवर. मला त्यातून काही म्हणजे काही ऐकू येत नाही, कारण तो फोटो आहे. फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर मिळतं, पण शिक्का बरोब्बर तारखेवरच बसलेला असतो. (हे मुद्दाम करतात का हो?) परीक्षेच्या वेळापत्रकाचा तर काला होतो. विषय सगळे एकीकडे, तारखा दुसरीकडे, आणि कुठला पेपर कधी हे आपण अंदाजाने जुळवायचं.

दुसरा प्रकार जास्त फसवा. स्कॅन नसतो, पण टाइपिंग श्रीलिपी नाहीतर कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं. तुम्हाला स्वच्छ मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. आपली पीडीएफ अशी आहे का, हे लगेच बघता येईल. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे उमटेल तेच मला ऐकू येतं.

म्हणून युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरंच राहतात. मथळा नुसता ठळक करू नका, वर्डमधली हेडिंग स्टाइल लावा; आम्ही एच दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो, नाहीतर सात पानी परिपत्रक सुरुवातीपासून ऐकत बसायचं. तक्ता स्पेसबारने आखू नका, इन्सर्ट टेबलने करा आणि वरच्या ओळीला हेडर रो लावा. पीडीएफ ‘सेव्ह ॲज’मधून काढा. प्रिंटच्या खिडकीतून काढली की मथळ्यांची ही सगळी खूण पुसली जाते. आणि जमलं तर मजकूर सरळ वेबसाइटच्या पानावरच टाका, पीडीएफ खाली जोडा. मराठी पीडीएफमध्ये कधीकधी जोडाक्षरं तुटतात, पानावरच्या मजकुराला तो त्रास नाही.

अजून एक. लिंकला ‘येथे क्लिक करा’ असं नाव देऊ नका. मी एनव्हीडीएमध्ये फक्त लिंकांची यादी उघडते, तर ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’ असा जप सुरू होतो. ‘एस.वाय. परीक्षा अर्ज’ एवढं लिहिलं तरी पुरे.

नोटीसबोर्डवाला, नाशिक
ताई, नोटपॅडमध्ये चिकटवून बघितलं. भयंकर आहे. युनिकोडचं उद्यापासून करतो. पण सही-शिक्क्याशिवाय नोटीस चढवली तर साहेब मला चढवतील. ‘खरी कशावरून?’ हा पहिला प्रश्न येणार.

कानाने_वाचणारी, पंचवटी
मंत्रालयातून येणारे शासन निर्णय बघा. युनिकोडमध्ये असतात आणि शेवटी ‘डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित’ असं लिहिलेलं असतं. कागदावर सही करून स्कॅन करायची गरजच राहत नाही. शासनाला जे चालतं ते कॉलेजला चालायला हरकत नसावी. तोवर स्कॅन आणि मजकूर दोन्ही टाका. साहेबांना शिक्का दिसेल, मला तारीख ऐकू येईल.

वेब_सिडको
साहेबांसाठी थोडा कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल असा, असण्याबद्दल आहे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत. ३० एप्रिल २०२५ ला तर डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

आणि ताईंनी सांगितलेलं तुमच्या हातातलं झालं, आता डेव्हलपरकडून करून घ्यायचं. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला लेबल हवं. मराठी पानाची भाषा कोडमध्ये मराठी नोंदवलेली हवी. मेनू माउसशिवाय, टॅब दाबत उघडला पाहिजे. हे शेवटचं तुम्ही स्वतः तपासू शकता, माउस बाजूला ठेवून आपल्याच साइटवर फी भरायच्या पानापर्यंत जाऊन बघा.

देवळाली_कॅम्प
माझा भाऊ कर्णबधिर आहे म्हणून मध्ये बोलतो. चौकशीसाठी फक्त फोन नंबर दिलेला असतो, त्याने फोन कसा लावायचा? ईमेल द्या आणि तो कोणीतरी उघडा. व्हिडिओ टाकलात तर खाली मराठी मजकूर हवा, यूट्यूबवर आपोआप येणारा सुधारून घ्या.

कानाने_वाचणारी, पंचवटी
देवळालीकर, बरोबर. आणि परीक्षा अर्जातला कॅप्चा! वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणे. आवाजाचा पर्याय नसेल तर तिथे कायम दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात, पासवर्डसकट. दादा, तो विद्यापीठाच्या पोर्टलवर असेल तर तुमच्या हातात नाही, पण कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र जाऊ शकतं. आणि त्या एस.वाय.च्या मुलीला एकदा ऑफिसात बोलवा, तिच्या लॅपटॉपवर तुमची साइट उघडायला सांगा, हेडफोन न लावता. बटणवाल्या कंपनीचा माणूसही त्याच वेळी आला तर उत्तम.

नोटीसबोर्डवाला, नाशिक
बोलावतो. कोटेशन तोवर फाइलमध्येच राहू दे.