शंभर मीटरच्या आतलं घर

दिंडीदरवाजा:
आमचा वाडा शनिवारवाड्याच्या तटापासून शंभर मीटरच्या आत येतो. दर मे महिन्यात दारावर नोटीस डकवली जाते: इमारत धोकादायक आहे, दुरुस्त करा नाहीतर रिकामी करा. दुरुस्तीचं विचारायला जावं तर दुसऱ्या खिडकीवर सांगतात, आधी केंद्राचा ना-हरकत दाखला आणा. गेल्या जुलैत माजघराची मागची भिंत बसली. पांढऱ्या मातीची, हातभर जाड. आता माडीचा कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचा तळ, दोन लोखंडी टेकूंवर आहे. त्यातल्या एकावर आजी पंचा वाळत घालते, इतका तो घरचा झालाय.

नियम असा. २०१०च्या कायदादुरुस्तीने केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित झाले, त्यापुढचे २०० नियंत्रित. प्रतिबंधित पट्ट्यात १६ जून १९९२च्या आधीपासून उभं असलेलं घर परवानगी घेऊन दुरुस्त करता येतं. पण पाडून त्याच मापाचं, त्याच उंचीचं बांधतो म्हटलं की ती 'पुनर्बांधणी', आणि ती या पट्ट्यात नाही. म्हणजे वाडा उभा आहे तोवर टेकू लावत बसा. पडला की आकाश तुमचं.

माझं म्हणणं एवढंच, की हा निर्णय पुण्यात व्हावा. महापालिकेकडे वारसा समिती आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याजवळ राहतो म्हणून परवानगीही दिल्लीचीच का?

तक्तपोशी:
भिंतीचं वाचून वाईट वाटलं. पण पुण्यात निर्णय झाले की काय होतं ते सदाशिव-नारायण पेठेत एक चक्कर मारून बघा. १९६१ला पानशेत फुटलं, नदीकाठचे वाडे गेले, ते समजू शकते. बाकीचे कुठल्या पुरात गेले? रीतसर नकाशे मंजूर होऊन, एकेक करून गेले. खाली पार्किंग, वर पाच मजले आणि पाटीवर 'अमुक वाडा'. शंभर मीटरची रेघ ढोबळ आहे, मान्य. ढोबळ आहे म्हणूनच टिकलीय. समिती आली की 'बघू, बसू, मार्ग काढू' आलंच.

टेकूवाला:
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेतो, म्हणून बोलतो. हा कायदा वाडे वाचवायला केलेलाच नाही, स्मारकाचा परिसर मोकळा राहावा म्हणून केलाय. टेप तटाला लावायची आणि अंतर मोजायचं. आत दीडशे वर्षांचा सागवानी चौसोपी वाडा आहे की ऐंशी सालचा सिमेंटचा ठोकळा, टेपला फरक पडत नाही. आणि खुद्द शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला. आत उरलीत ती जोती. जळलेल्या वाड्याची जोती राखायला शेजारचे उभे वाडे कुजवायचे, हा न्याय मला पटत नाही. सागाचा खांब सहसा वरून मरत नाही. तळाशी, जिथे ओल धरते, तिथे मरतो. तेवढा दोन फूट तुकडा वेळेत बदलला तर तो पुढे किती तरी वर्षं भार घेतो. परवानगीला दोन पावसाळे गेले की तोच खांब फेकावा लागतो.

तक्तपोशी:
म्हणजे परवानगी लवकर द्या म्हणा ना. अधिकार स्थानिकांना द्या कशाला? भिडे वाड्याचं काय झालं? १८४८ला सावित्रीबाई-जोतीरावांनी मुलींची शाळा काढली ती जागा. स्मारक करायचं म्हणून डिसेंबर २०२३मध्ये वाडाच पाडला. कोणी? महापालिकेने.

टेकूवाला:
उदाहरण अर्धंच दिलंत. जागेचा वाद वर्षानुवर्षं चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तोवर त्या इमारतीत उरलं काय होतं? आणि विश्रामबागवाडा कोणी दुरुस्त केला? नानावाडा? तीच महापालिका. नानावाडा तर शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर.

तक्तपोशी:
हो, ते दोन्ही तिच्या ताब्यातले. खाजगी वाड्यापुढे बिल्डर उभा असतो, तिथे हीच महापालिका वेगळी वागते.

दहाबायबारा:
मालक आणि वारसाप्रेमी दोघांचं वाचलं. आता भाडेकरूचं ऐका. शेजारच्याच गल्लीतल्या वाड्यात आम्ही सात बिऱ्हाडं. भाडं ऐंशी रुपये, हे आधीच सांगते, कारण नंतर कोणीतरी टोमणा मारणारच. सातांत संडास दोन, त्यातल्या एकाला कडी नाही. सकाळी बादली ठेवून नंबर लावतो. बाहेरची माणसं दाराचे फोटो काढायला येतात, 'किती सुंदर' म्हणतात. कडीपाट तुम्हाला लखलाभ, मला दाराला कडी हवी. पण दिंडीदरवाजांच्या बाजूने लगेच सही करणार नाही. परवानगी हाताशी आली की मालक आणि बिल्डर आधी बसतात, आम्हाला शेवटी बोलावतात.

ओटीवरचा:
एक आठवण. २०१८मध्ये याच कायद्याची दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली होती. सूट कुणाला, तर केंद्राच्या सार्वजनिक कामांना. राहत्या घरांना नाहीच. पुढे राज्यसभेत ती अडकली. सरकारला स्वतःचा नियम जाचला की तो बदलावासा वाटतो, एवढं त्यातून कळलं.

दिंडीदरवाजा:
तक्तपोशी, मला पाच मजले नकोतच. आहे तेच माप, एक माडी, उतरतं छप्पर, शाबूत आहे ते लाकूड परत वापरायचं. असं लिहून दिलं तर स्थानिक समिती चालेल?

तक्तपोशी:
तुम्ही लिहून द्याल. तुमच्यानंतर वाडा विकत घेणारा?

दिंडीदरवाजा:
अट जागेवर चढवा, माझ्या नावावर नको.

तक्तपोशी:
तसं असेल तर ऐकून घेईन. हो म्हटलेलं नाही.

दहाबायबारा:
आणि संडास? आमच्या मालकाला तुमचाच नकाशा दाखवणार आहे, म्हणून विचारते. बिऱ्हाडं तुमच्याकडेही असतील.

दिंडीदरवाजा:
आहेत, सातच. संडास चार बसतात. त्याच मापात सात बसत नाहीत, मी मोजून पाहिलंय.

दहाबायबारा:
मग पुन्हा मोजा. तोवर सही नाही.