मदत हवी आहे : व्हेरिकोजच्या लेझरनंतर आईचा लंडन प्रवास, किती थांबावं?

नमस्कार. आईच्या डाव्या पायातल्या फुगलेल्या नसांचं लेझर नुकतंच धंतोलीत झालं. त्याच दिवशी ती चालत घरी आली, त्यामुळे तिच्या मते ते ऑपरेशन नव्हतंच. धाकट्या बहिणीचं बाळंतपण लंडनला आहे. तिकीट नागपूर-दोहा-लंडन आहे आणि निघायच्या दिवशी जेमतेम तीन आठवडे झालेले असतील. सर्जन म्हणाले, "चार आठवडे गेले तर बरं." पुढे काही विचारणार तोवर दुसरा पेशंट आत.

आई ६४ वर्षांची, शुगर-बीपी नाही. पण मामाला पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली होती. शेजारचे काका म्हणतात, प्रवासाच्या दिवशी एक इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची गोळी) दिली की झालं. दोह्याला उतरून चालणं होईल, म्हणजे धोका अर्धा होतो का? मांडीपर्यंतचं, पाय आवळून धरणारं स्टॉकिंग दिलंय, पण मे महिन्यात कूलरसमोरही ती ते काढून ठेवते. "विमानात घालीन ना," म्हणते.

—

मी डॉपलर (नसांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) सेंटरवर काम करते, डॉक्टर नाही. आधी सांगा, लेझरनंतरची डॉपलर झाली का? लेझरच्या उष्णतेमुळे कधीकधी गुठळी आतल्या मोठ्या नसेपर्यंत सरकते. पायाला काही जाणवत नाही, डॉपलरवर दिसतं. ती बघितल्याशिवाय विमानाचा विचार नको.

दोह्याच्या थांब्याने धोका अर्धा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार ४ तासांहून लांबच्या प्रवासात गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि लागोपाठच्या फ्लाइट्सनी आणखी वाढतो. एरवी तो कमीच असतो. पण इथे ताजं ऑपरेशन, वय आणि मामांची गुठळी, तिन्ही एकत्र आलंय. मामांचं सर्जनना सांगितलंत का? त्यावरून ते प्रवासाआधी हेपॅरिनचं (गुठळी होऊ नये म्हणून देतात ते) इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरवतील. इकोस्प्रिन त्याला पर्याय नाही, मनाने देऊ नका.

स्टॉकिंग सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पाय सुजलेले नसताना घालायचं. वरची कड गुंडाळली की तिथे करकचून आवळतं, ते उलट वाईट. सीट आतल्या वाटेकडची घ्या, झोपेची गोळी नको, बसल्या बसल्या घोटे हलवत राहायचे. उतरल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवा : एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी.

—

ताई, खूप आभार. डॉपलर झालेली नाही, फाइलमध्ये लिहिलेली मात्र आहे. उद्याच करून घेतो आणि मामाचंही सांगतो. बहिणीच्या सासूबाई आठवडाभर आधी जायला तयार आहेत, त्यामुळे आईची तारीख पुढे ढकलतोय. बदलाचे पैसे किती लागतात ते एजंट संध्याकाळी कळवणार आहे.