'असा शास्त्रलेख आहे' : अवतरण, दाखला की आणखी काही?

पानसुपारी
एका पुस्तकाच्या मराठीकरणाचं काम हाती घेतलंय. विषय असा, की बायबलमधले नंतरचे ग्रंथ (मुख्यतः नवा करार) आधीच्या ग्रंथांकडे (म्हणजे जुन्या कराराकडे) मागे वळून कसे बघतात. तिसऱ्याच पानावर गाडी अडली. माझ्या खर्ड्यात ठिकठिकाणी 'शास्त्रलेख' (पवित्र ग्रंथात लिहिलेलं) आहे, कारण आपल्याकडच्या प्रचलित बायबलात तोच शब्द आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, येशू सैतानाला तीनदा उत्तर देतो आणि तिन्ही वेळा 'असा शास्त्रलेख आहे' म्हणत आधार घेतो तो लिहिलेल्याचा. गंमत म्हणजे मधल्या फेरीत सैतानही तेच करतो, तोही ९१व्या स्तोत्रातल्या ओळी तोंडावर फेकतो!

आमच्या संपादकांनी लाल पेनाने सगळीकडे 'अवतरण' केलंय. त्यांचं म्हणणं, लेख म्हणजे पेपरातला, आणि 'शास्त्रलेख' वाचून लोकांना विज्ञानावरचा लेख वाटेल. मला 'अवतरण' पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. मदत करा.

खडूफळा
संपादक अगदीच चुकीचे नाहीत, पण 'अवतरण' म्हणजे दुसऱ्याचं वाक्य आपल्या मजकुरात उतरवणं. मूळ ग्रीकमध्ये तिथे एकच शब्द आहे, 'गेग्राप्ताय'. वाक्य उतरवून घेण्याशी त्याचा संबंध नाही. 'लिहिलं गेलं आहे, आणि ते अजून तसंच आहे' असा त्याचा अर्थ. काळ पूर्ण वर्तमान. सातबाऱ्यावर नाव लागलेलं आहे म्हणतो ना आपण, तसं. कधी लागलं याला महत्त्व नाही, आज ते तिथे आहे आणि लागू आहे, याला महत्त्व.

त्यामुळे 'लिहिले होते' केलंत तर फसाल. 'लिहिले आहे' ठीक. 'असा शास्त्रलेख आहे' त्याहून ठीक, कारण त्यात 'आहे'वर वजन पडतं. जुन्या भाषांतरकारांचा कान चांगला होता.

देवघरातली घंटा
संस्कृतवाल्यांसाठी एक फोडणी. 'गेग्राप्ताय'मधला पहिला 'गे' म्हणजे धातूच्या पहिल्या व्यंजनाची पुनरुक्ती. आपल्याकडे चकार, बभूव, लिलेख. घडण तीच, घराणंही एकच. अर्थ मात्र उलट्या दिशेला गेला. पाणिनी म्हणतो 'परोक्षे लिट्', म्हणजे बोलणाऱ्याने न पाहिलेला भूतकाळ. 'लिलेख' म्हटलं की ते लिहिणं लांब गेलं, 'गेग्राप्ताय' म्हटलं की लिहिलेलं समोर येऊन उभं राहिलं.

आणखी एक. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी अवतरणचिन्हं नव्हती, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. ग्रीकमध्ये 'लिहिले आहे' बहुधा आधी येतं, म्हणजे उद्धृत मजकूर कुठे सुरू झाला ते कळतं, संपला कुठे ते कळत नाही. मराठीत आपण '…असे लिहिले आहे' शेवटी म्हणतो. आपल्याला शेवट पक्का कळतो, सुरुवात शोधावी लागते. भाषांतर करताना ही उलटापालट डोक्यात ठेवा.

अलिबागचा वारा
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी, आता मुक्काम इस्राएलातलं अश्दोद. आधी एक किरकोळ तक्रार, रागावू नका. 'जुना करार' हे नाव ख्रिस्ती लोकांचं. आम्ही तनाख म्हणतो: तोरा (मोशेचं नियमशास्त्र), नेवीईम (संदेष्टे), केतुवीम यांची आद्याक्षरं जोडून. यातला केतुवीम म्हणजेच 'लिहिलेले'. 'काकातूव', म्हणजे 'लिहिल्याप्रमाणे', हा हिब्रू प्रयोग नव्या कराराच्या कितीतरी आधीचा आहे. अमस्या राजाने बापाच्या खुन्यांना मारलं, पण त्यांच्या मुलांना सोडलं, आणि राजांचं पुस्तक लगेच सांगतं, मोशेच्या नियमशास्त्रात लिहिल्याप्रमाणे. तेव्हा मागे वळून बघायची सवय तनाखला आतूनच आहे, ती बाहेरून आलेली नाही.

पण मला सांगायचंय ते स्वयंपाकाचं. वल्हांडण सणाच्या कोकराबद्दल तोरातल्या 'निर्गम' पुस्तकाच्या १२व्या अध्यायात स्पष्ट बजावलंय: कच्चं खायचं नाही, पाण्यात 'बाशाल' केलेलं, म्हणजे शिजवलेलं, खायचं नाही, विस्तवावर भाजायचं. पुढे मोशेच्या पाचव्या पुस्तकात, १६व्या अध्यायात, त्याच सणाबद्दल आज्ञा येते आणि तिथे क्रियापद आहे तेच, 'बाशाल' करा! झाली पंचाईत. दोन्ही तोरा, दोन्ही मान्य. मग कित्येक शतकांनंतर 'दुसरे इतिहास' हे पुस्तक लिहिणारा योशीया राजाच्या वल्हांडणाचं वर्णन करतो (अध्याय ३५) आणि म्हणतो, त्यांनी कोकरू नियमाप्रमाणे विस्तवावर 'बाशाल' केलं. पहिल्या ग्रंथातला विस्तव, दुसऱ्यातलं क्रियापद. वर 'नियमाप्रमाणे'ची मोहोर. कुठेही अवतरण नाही, कुणाचं नाव नाही, आणि तरी एका वाक्यात दोन शास्त्रलेख बसवलेत. याला तुमचे संपादक काय म्हणणार?

खडूफळा
वा! इतिहासकाराच्या अंगी सुगरणीचा गुण आहे.

नगरी
दुसऱ्या टोकाचं उदाहरण यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, २६व्या अध्यायात. यिर्मया म्हणाला की हे मंदिर शिलोसारखं ओसाड होईल. लोकांनी धरला आणि म्हणाले, याला मारा. तेव्हा काही वडीलधारे उठले आणि म्हणाले, हिज्कीया राजाच्या दिवसांत मोरेशेथच्या मीखानेही हेच सांगितलं होतं, सियोन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल म्हणून. हिज्कीयाने त्याला मारलं का? शंभरेक वर्षांपूर्वीचं वाक्य, नावगावासकट. मीखाच्या पुस्तकात (३:१२) ते आजही तसंच सापडतं.

इथे शब्द 'दाखला'च हवा. कोर्टात देतात तो. माणसाचा जीव त्यावर टांगलेला होता. अडचण एवढीच, की आमच्या आजीच्या पिढीत 'दाखला' म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, पेरणाऱ्याचा दाखला वगैरे. आणि शाळा सोडल्याचा दाखला आहेच.

पानसुपारी
हे फारच कामाचं. मग ज्या ठिकाणी नाव नाही, गाव नाही, 'लिहिले आहे'सुद्धा नाही, तिथे काय म्हणू? मार्कच्या शुभवर्तमानात शिपाई चिठ्ठ्या टाकून येशूचे कपडे वाटून घेतात. वाक्य २२व्या स्तोत्रातल्या ओळीवर बेतलेलं दिसतं, पण मार्क चकार शब्द काढत नाही. योहान तोच प्रसंग सांगतो आणि शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून असं झालं, असं उघड सांगून ती ओळच देतो.

देवघरातली घंटा
मार्ककडे 'पडसाद', योहानकडे 'अवतरण'. संपादकांना एक तरी जागा द्या की राव.

तिवडा
इतकं ग्रीक मला येत नाही. पण 'मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको' ही आज्ञा मोशेच्या त्याच पाचव्या पुस्तकात आहे (२५:४), आणि ती वाचून मला आमचं खळं आठवतं. मधोमध तिवडा, त्याला बैलांची पात, पायाखाली ज्वारीची कणसं. बैल चालता चालता घास मारतो. आजोबा मुसकं बांधू देत नसत. म्हणायचे, त्याच्या कष्टाचं आहे, खाऊ दे. शेजारचे बांधायचे, आणि त्यावरून वाद व्हायचे.

येशूचा प्रचारक पौल याने करिंथकरांना पत्र लिहिताना ही आज्ञा उचलली आणि विचारलं, देवाला काय बैलांची काळजी आहे? म्हणजे हे बैलाबद्दल नाहीच, प्रचारकाला पोटापाण्याचं मिळावं म्हणून लिहिलंय. बैलवाला म्हणून मी नाराज आहे. ते बैलाबद्दलच होतं हो!

खडूफळा
तुमची नाराजी रास्त. पण पौलाची चाल बघा. बैलाला कष्टाचा घास मिळतो, तर माणसाला का नको? कमीकडून जास्तीकडे जाणारा हा युक्तिवाद यहुदी गुरूंच्या रोजच्या वापरातला. आपल्याकडे त्याला कैमुतिक न्याय म्हणतात, म्हणजे 'मग त्याचं काय सांगावं' असा न्याय. मात्र इथे पौल 'बैलाचीही काळजी आहे' म्हणायचं सोडून बैलालाच खळ्याबाहेर काढतो, हे मान्य.

पुढे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हीच बैलाची ओळ 'शास्त्रलेख म्हणतो' म्हणून परत येते आणि तिला जोडून येतं 'मजूर आपल्या मजुरीला पात्र आहे'. हे दुसरं वाक्य लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी आहे. म्हणजे 'शास्त्रलेख' या शब्दाच्या आत नवीन माणसं शिरायला लागली! पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर पौलाच्या पत्रांचा उल्लेख 'इतर शास्त्रलेखां'च्या पंगतीत येतो. कालचा उद्धृत करणारा आज स्वतःच उद्धृत.

(पेपरातले 'मुसक्या आवळल्या' हे त्याच मुसक्याचं अनेकवचन का, यासाठी वेगळा धागा काढा. इथे नको.)

ओसरी
संदर्भ देण्याच्या पद्धतीवरही कुणीतरी लिहा. अध्याय साधारण तेराव्या शतकातले, नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे १५५१ सालचे. त्याआधी काय करायचे? मार्कमध्ये येशू म्हणतो, मोशेच्या पुस्तकात 'झुडपापाशी' वाचलं नाही का? म्हणजे जळत्या झुडपाच्या प्रकरणात. आपण 'पसायदानात' म्हणतो तसं. आणि इब्री लोकांस पत्र लिहिणारा तर कमाल करतो. आठव्या स्तोत्रातल्या ओळी देताना म्हणतो, 'कोणीतरी कोठेतरी' साक्ष दिली आहे! माझ्या प्रबंधात असं लिहिलं असतं तर मार्गदर्शकांनी तोंडावर मारला असता.

चुकाही आहेत. मार्क सुरुवातीलाच 'यशयात लिहिले आहे' म्हणतो आणि पहिली ओळ देतो ती मुख्यतः मलाखी या दुसऱ्याच संदेष्ट्याची. नंतरच्या काही नकलाकारांना ते खटकलं, त्यांनी 'संदेष्ट्यांत' असं करून टाकलं. संपादक तेव्हाही होते.

देवघरातली घंटा
शब्दांचा धागा आहे म्हणून हे सांगायलाच हवं. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात २:४, 'नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल'. नव्या करारात ही ओळ तीनदा येते: रोमकरांस, गलतीकरांस, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत. हिब्रू शब्द 'एमुना'. निर्गमच्या १७व्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे हात थकतात, अहरोन आणि हूर दोन्हीकडून धरून ठेवतात, आणि सूर्यास्तापर्यंत त्याचे हात 'एमुना' राहतात. तिथे विश्वास कसला? न ढळणं, टिकून राहणं. हबक्कुकाचा नीतिमान मूळ अर्थाने असा ढळत नाही म्हणून जगतो. ग्रीक भाषांतरात 'पिस्तिस' आला, ज्यात निष्ठाही आहे आणि विश्वास ठेवणंही, शिवाय 'आपल्या'च्या जागी 'माझ्या' झालं. पौलाने सर्वनामच गाळलं आणि सगळं वजन 'विश्वास ठेवण्या'वर टाकलं.

आता गंमत. 'एमुना'चा धातू अ-म-न. 'आमेन' त्यातलाच. अरबीतही तोच धातू आहे, त्यातून आले 'इमान' आणि 'अमानत', जे फारसीमार्गे मराठीत मुरले. आणि मराठीतलं इमान म्हणजे काय? श्रद्धा नाही. खाल्ल्या मिठाला जागणं. इमानी नोकर, इमानी कुत्रा. म्हणजे 'नीतिमान आपल्या इमानाने जगेल' म्हटलं तर हबक्कूक जास्त जवळ येतो, आणि पौल हातचा जातो.

पानसुपारी
हे मी टीपेत घालणारच. 'इमान' मुख्य मजकुरात घालायची माझी हिंमत नाही.

'पूर्ण होणे'बद्दल काय? मत्तय सारखं म्हणतो, 'हे पूर्ण व्हावे म्हणून'. होशेय संदेष्टा म्हणाला, मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावलं, आणि मत्तय ते बाळ येशूला लावतो. मूळ ओळ तर इस्राएल लोकांबद्दल, आणि मागे होऊन गेलेल्या घटनेबद्दल. भाकीतच नाही, तर पूर्ण काय होणार?

खडूफळा
ग्रीक क्रियापदाचा साधा अर्थ भरणे. मत्तयातच येशू परुशी पंथाच्या लोकांना म्हणतो, पूर्वजांचं माप भरा, तिथेही हेच क्रियापद. भविष्य खरं ठरलं एवढाच अर्थ घेतला तर होशेय अडतो. माप भरलं, जुन्या ओळीत आणखी धान्य मावलं, असा घेतला तर कमी अडतो.

ओसरी
कमी अडतो, पण अडतोच.

टाळकरी
कीर्तनात बसणाऱ्याला हे नवीन नाही. बुवा निरूपण करता करता म्हणतात 'प्रमाण', आणि ज्ञानोबांची किंवा तुकोबांची ओळ घेतात, मागे आम्ही उचलतो. ती ओळ मूळ अभंगात कुठल्या संदर्भात होती हे बुवांना ठाऊक असतं, आम्हालाही असतं. तरी आजच्या निरूपणात ती नवीन काम करते. 'गेग्राप्ताय'ला माझं मत 'प्रमाण'.

नगरी
'प्रमाण' आवडलं. मात्र नवा करार कीर्तनासारखा वाचला जाईल ही भीती.

ओसरी
कुणी हरकत घ्यायच्या आत सांगतो, फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात रायतूरला क्रिस्तपुराण छापलं, त्याचे भाग दोन: 'पैलें पुराण' आणि 'दुसरें पुराण'. जुना करार, नवा करार. सगळं ओवीत. कीर्तनाची भीती मराठीला चारशे वर्षांपूर्वी वाटली नाही.

अलिबागचा वारा
तुम्हा सगळ्यांच्या नाकाखाली एक शब्द पडलाय. येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं कुठल्या पुस्तकातली? बैलाचं मुसकं कुठल्या? 'बाशाल करा' कुठल्या? सगळी मोशेच्या पाचव्या पुस्तकातली, म्हणून मी मघापासून त्याचं मराठी नाव टाळत होतो. ग्रीक नावाचा अर्थ दुसरं नियमशास्त्र. त्यात मोशे आधी सांगितलेलं नव्या पिढीला परत सांगतो आणि सांगताना बदलतो. मराठी बायबलात त्या पुस्तकाचं नाव काय?

देवघरातली घंटा
अनुवाद! अरे देवा. मीमांसेत अनुवाद म्हणजे आधी माहीत असलेलं पुन्हा सांगणं. भाषांतर हा अर्थ नंतर चिकटला.

पानसुपारी
म्हणजे मला हवा असलेला शब्द माझ्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येणार आहे, माझ्या नावाच्या आधी, आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा.

ठरवलं ते असं. 'गेग्राप्ताय'ला शास्त्रलेख कायम. यिर्मयाला दाखला. मार्कला पडसाद. संपादकांच्या 'अवतरणा'ला योहानची जागा. प्रश्न उरला योशीयाच्या कोकराचा. 'विस्तवावर शिजवले' म्हटलं की मराठी कानाला पातेलं आणि पाणी दिसतं, 'भाजले' म्हटलं की दुसरा ग्रंथ गायब.

अलिबागचा वारा
'रांधले' करा. आमची आजी भातही रांधायची, मासळीही रांधायची, पाणी असो नसो.

पानसुपारी
केलं. 'वल्हांडणाचे कोकरू त्यांनी नियमाप्रमाणे विस्तवावर रांधले.' आज प्रूफं परत आली. 'रांधले'खाली लाल रेघ, समासात 'प्रादेशिक?'