उत्तर: उत्तर: अंकाचं मशीन परत निळं (तातडीचं)

प्रेषक: अंक समिती

मंडळी, अंकाची पानं लावतो ते सदाशिव पेठेतलं मशीन परत बसलं. निळा पडदा, खाली 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. दोनदा आपोआप रिस्टार्ट होतं, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर' येऊन 'दुरुस्ती झाली नाही' म्हणतं. ऑपरेटर 'रीसेट धिस पीसी' दाबू का विचारतोय. फायली सोमवारी प्रेसला जायच्या आहेत.

प्रेषक: माजी सचिव

रीसेट अजिबात नको. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी प्रोग्रॅम उडतात. म्हणजे पानं लावायचं पेजमेकर गेलं, मराठी टायपिंगची श्रीलिपी गेली, डोंगलचा (प्रोग्रॅमच्या परवान्याची मशीनला लावायची किल्ली) ड्रायव्हर गेला आणि विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले जुने फॉन्टही गेले. फायली जागेवर राहतील, पण पानभर इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची खिचडी दिसेल.

आधी एवढंच बघायला सांगा: बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारा सेटिंग्जचा पडदा) तारीख कोणती दिसते? मागच्या वेळीही बोंब शुक्रवारी सकाळीच झाली होती, जुने मेल काढून बघा. गुरुवारी महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवतं. मदरबोर्डावरचा बटणासारखा सेल संपला असेल तर वीज गेली की बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या जातात.

प्रेषक: वेबसाइट समिती

सेलचा आणि निळ्या पडद्याचा काय संबंध? हार्ड डिस्क चाललीय. कमांड प्रॉम्प्टवरून डिस्क तपासायची चेकडिस्क /आर कमांड लावा, रात्रभरात होईल.

प्रेषक: माजी सचिव

संबंध आहे. या बोर्डावर सॅटा मोडचा, म्हणजे डिस्कशी बोलायच्या पद्धतीचा, मूळ पर्याय 'रेड' आहे आणि विंडोज बसवलंय 'एएचसीआय'वर. विंडोज बसवताना जो मोड होता, सुरू होताना त्याचाच ड्रायव्हर चालू ठेवतं. मोड पालटला की डिस्क धडधाकट असूनही विंडोजला सापडत नाही. ऑटोमॅटिक रिपेअरला काही जमत नाही ते याचमुळे, मोडलेलं काही नाहीच.

चेकडिस्क /आर सगळी डिस्क वाचत बसतं. डिस्क खरंच कमजोर असेल तर त्या ताणानेच जाईल. शंका असेल तर मशीन सुरू झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोत (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) तीन आकडे बघा: रीअलोकेटेड (बदललेले खराब भाग), पेंडिंग (संशयित भाग) आणि सीआरसी (माहिती ये-जा करताना झालेल्या चुका). पहिले दोन वाढत असतील तर डिस्क बदला. फक्त सीआरसी वाढत असेल तर आधी सॅटा केबल बदला, तिचाच दोष असण्याची शक्यता जास्त.

प्रेषक: खजिनदार

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्या मशीनवर अजून किती खर्च करायचा? आणि यूपीएस घेतला होता, त्याचं काय?

प्रेषक: माजी सचिव

खजिनदारसाहेब, खर्च एका सेलचा आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. हा सहाव्या पिढीचा. नवीन मशीनचा विषय अंक छापून झाल्यावर बैठकीत घ्या. यूपीएस काही मिनिटांचा असतो, दिवसभराच्या बंदला पुरत नाही. शिवाय ऑपरेटर रात्री भिंतीवरचं बटण बंद करून जातो, त्याचाही परिणाम तोच.

प्रेषक: वेबसाइट समिती

युनिकोडवर या म्हणून मी गेल्या वर्षीपासून सांगतोय. आज मजकूर कुठल्याही मशीनवर उघडला असता.

प्रेषक: अंक समिती

अंक कशात लावायचा ते अंक समिती ठरवेल. जाहिरातींची पानं जुन्या साच्यांत आहेत, ती सगळी परत कोण लावणार? असो. बायोसची तारीख २०१६ दिसतेय, सॅटा मोड 'रेड'. एएचसीआय करू का?

प्रेषक: माजी सचिव

थांबा, आधी सेल, मग बायोस. उलट केलंत तर सेल काढताना सेटिंग परत पुसली जाईल.

सीआर २०३२ घ्या, ३ व्होल्टचा. सीआर २०२५ किंवा सीआर २०१६ सेल नको, ते पातळ असतात, खाचेत सैल बसतात. तपकीर गल्लीत मिळेल. मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या वर दाखवला तरच घ्यायचा, पडून राहिलेला माल बराच असतो. मशीनची भिंतीतली पिन काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, खाचेची पट्टी बाजूला करून सेल उचला. नवीन बसवताना 'अधिक' बाजू वर.

मग बायोसमध्ये तारीख-वेळ घाला, सॅटा मोड एएचसीआय करा, एफ१० दाबून सेव्ह. तारीख चुकीची राहिली तर ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेटची तक्रार करेल आणि अंकाच्या फायली ड्राइव्हवर चढणार नाहीत. ४८ अंकी बिटलॉकर की (डिस्कच्या कुलपाची किल्ली) मागितली तर काही न दाबता इथे लिहा.

प्रेषक: अंक समिती

विंडोज सुरू झालं, डोंगलही ओळखला. की मागितली नाही.

प्रेषक: माजी सचिव

छान. आता कामाला लागायच्या आधी अंकाचं फोल्डर आणि फॉन्ट्स फोल्डर, दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

प्रेषक: खजिनदार

पेनड्राइव्ह मागच्या वर्षी घेतला होता. तो कुणाकडे आहे?